सातशे चाळीस माणसांचं गाव

विचिटा शहर मागे पडलं की ५४ नंबरचा महामार्ग पश्चिमेकडे नाकासमोर निघतो. घाट नाही, वळण तर क्वचितच. दोन्ही बाजूंना गव्हाची शेतं, गुरांची कुरणं, मधूनच जमिनीतून तेल उपसणारा एखादा पंप. कॅन्सस राज्याच्या या भागात पुढचं गाव जवळ आल्याची वर्दी रस्त्यावरची पाटी देत नाही, ती धान्याची कोठारं देतात. सिमेंटची उंच पांढरी नळकांडी एकमेकांना चिकटून उभी असतात आणि ती कित्येक मैलांवरून दिसतात. तिकडे त्यांना एलिव्हेटर म्हणतात. गावाला चर्च एकाहून जास्त असतील, दुकानं असतील-नसतील, पण एलिव्हेटर असतोच.

वाटेत प्रॅट लागतं. तिथे पाण्याच्या दोन उंच टाक्या शेजारी शेजारी आहेत, एकीवर 'गरम' आणि दुसरीवर 'थंड' असं इंग्रजीत ठळक लिहिलेलं. पुढे क्वेकर पंथाच्या लोकांनी वसवलेलं हॅविलँड. आणि त्यानंतर ग्रीन्सबर्ग, कायोवा काउंटीचं मुख्य गाव. विचिटापासून अंतर सुमारे पावणेदोनशे किलोमीटर.

गावात शिरताच काहीतरी वेगळं असल्याचं जाणवतं, पण ते काय हे उमगायला थोडा वेळ लागतो. गाव १८८६ साली वसलेलं. या टापूतल्या इतर गावांत विटांची जुनी दुकानं, झिजलेल्या पायऱ्या, घरांवर सावली धरणारी जुनी झाडं दिसतात. इथे मात्र बहुतेक इमारती नव्या आहेत. नगरपालिका नवी, शाळा नवी, हॉस्पिटल नवं, घरं नवी. घरांमध्ये रिकामे प्लॉट पडलेले आहेत, आणि रस्त्याकडेच्या झाडांची खोडं अजून मनगट-मांडीएवढीच आहेत. गावाचं वय आणि गावाचा चेहरा जुळत नाहीत.

याचं कारण ४ मे २००७ च्या रात्रीचं वादळ. पण गाव त्या रात्रीपासून सुरू होत नाही, म्हणून आधीचं आधी सांगायला हवं.

गावाचं नाव पडलं डी. आर. ग्रीन या माणसावरून. रेल्वे यायच्या आधी तो या माळरानावर प्रवाशांच्या घोडागाड्या चालवायचा आणि त्या इतक्या भरधाव हाकायचा, की लोकांनी त्याचं नाव 'कॅननबॉल' म्हणजे तोफगोळा ठेवलं. त्याची एक आख्यायिका तिथे आवडीने सांगतात. दारूच्या गुत्त्यांवर कुऱ्हाड घेऊन चालून जाणारी कॅरी नेशन ही बाई कॅन्ससच्या इतिहासात गाजलेली आहे. ती शेजारच्याच मेडिसिन लॉज गावात राहत असे. एकदा ती ग्रीनच्या गाडीतून निघाली असताना तिने त्याच्या तोंडातली सिगार ओढून फेकून दिली, आणि त्याने गाडी थांबवून तिला भर माळावर उतरवून दिलं, अशी ही गोष्ट. खरी की रचलेली, कोण सांगणार. पण दोघांचेही स्वभाव तिच्यात नेमके उतरले आहेत.

या माळावर दगड नाही आणि लाकूडही नाही. पहिल्या पिढीतल्या वसाहतकऱ्यांनी गवताच्या मुळांनी घट्ट बांधलेल्या मातीच्या लाद्या नांगराने कापल्या आणि त्यांची घरं रचली. पाणी जमिनीत खोल होतं. गावाला पाणी हवं होतं, येऊ घातलेल्या रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांनाही हवं होतं. तेव्हा १८८७ मध्ये विहीर खणायला घेतली गेली. बारा-पंधरा जणांची टोळी, त्यात शेतकरीही होते आणि गुराखीही. हत्यारं म्हणजे कुदळ, फावडं, दोरखंड, कप्पी आणि माती वर ओढायला पिंपं. मजुरी दिवसाला पन्नास सेंट ते एक डॉलर. खणलेली माती ज्या गाड्यांतून नेत, त्यांच्या तळाला सरकत्या फळ्या होत्या. फळ्या उघडल्या की माती खाली पडे, आणि तीच गावातल्या-गावाबाहेरच्या रस्त्यांच्या खोलगट जागी टाकून रस्ते सपाट केले गेले. आतल्या बांधकामाचा दगड बारा मैलांवरच्या मेडिसिन नदीकडून गाड्यांनी आणला. १८८८ मध्ये काम संपलं तेव्हा विहिरीचा व्यास ३२ फूट आणि खोली १०९ फूट होती. हाताने खणलेली जगातली सर्वांत मोठी विहीर, असं गाव तिच्याबद्दल सांगत आलं आहे. तो दावा बाजूला ठेवला तरी, नुकत्याच वसलेल्या गावाने पहिल्या दोन वर्षांत एवढं काम अंगावर घ्यावं याचं नवल उरतंच. १९३२ पर्यंत गाव या विहिरीचं पाणी प्यायलं. १९३९ पासून ती पाहायला लोक येऊ लागले.

दुसरी नवलाई आकाशातून आलेली. हॅविलँड आणि ग्रीन्सबर्गच्या मधल्या शेतांत नांगराला अधूनमधून काळे, विलक्षण जड दगड अडायचे. दगड नसलेल्या मुलखात असा दगड सापडला की शेतकरी तो कामाला लावत: गवताच्या गंजीवर, तळघराच्या झाकणावर, पावसाच्या पाण्याच्या पिंपावर वजन म्हणून. एलायझा किंबर्ली नावाच्या शेतकरणीला मात्र ते दगड वेगळे वाटले. तिने लहानपणी उल्का पाहिली होती. ती शेतातून दगड वेचून घराजवळ रचू लागली. शेजारी हसत, नवराही वैतागे. ती मात्र वर्षानुवर्षं शास्त्रज्ञांना पत्रं लिहीत राहिली. अखेर १८९० मध्ये टोपेकाच्या वॉशबर्न कॉलेजचे प्राध्यापक फ्रान्सिस क्रॅगिन आले, त्यांनी ढीग पाहिला आणि ओळखलं: लोखंडात ऑलिव्हिन या खनिजाचे पिवळसर-हिरवे स्फटिक जडवलेल्या दुर्मीळ जातीच्या उल्का. दगडांच्या पैशांतून किंबर्ली कुटुंबाने आणखी जमीन घेतली. याच पट्ट्यात १९४९ मध्ये हजार पौंडांची एक उल्का सापडली आणि ती विहिरीजवळच्या संग्रहालयात मांडली गेली. एका शेतकरणीच्या चिकाटीने सिद्ध झालेली ही गोष्ट अमेरिकेच्या इतिहासाच्या पुस्तकांत आहे त्याहून ठळकपणे यायला हवी होती.

बाकी गाव चारचौघांसारखं. मेनोनाइट पंथाच्या लोकांनी १८७४ मध्ये रशियातून आणलेल्या 'टर्की रेड' या वाणापासून कॅन्ससचा हिवाळी गहू फोफावला. शरद ऋतूत पेरायचा, बर्फाखाली राहू द्यायचा आणि जूनमध्ये कापायचा. ग्रीन्सबर्ग त्याच चक्रावर चालत होतं. मेन स्ट्रीटवर औषधांच्या दुकानात जुन्या पद्धतीचा सोडा फाउंटन होता, तिथे बसून माल्ट आणि लाइमेड प्यायला लोक लांबून येत. पण शेतीची यंत्रं मोठी होत गेली तशी शेतंही मोठी झाली, माणसं कमी लागू लागली. शाळा संपली की मुलं विचिटाला किंवा कॅन्सस सिटीला जात आणि तिकडचीच होत. २००० च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या १,५७४ होती आणि ती घटत होती. वादळाने भरभराटीचं गाव पाडलं असं म्हणणं खरं नाही. ते आधीच रोडावत चाललेलं गाव होतं.

४ मे २००७, शुक्रवार. रात्री साधारण पावणेदहाच्या सुमारास टोर्नेडो दक्षिणेकडून गावावर आला. टोर्नेडो मोजण्याची नवी सुधारित फुजिता श्रेणी त्याच वर्षी १ फेब्रुवारीला लागू झाली होती. तिच्यातला सर्वांत वरचा, पाचवा दर्जा मिळालेला हा पहिला टोर्नेडो. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे ३३० किलोमीटर. त्याची रुंदी पावणेदोन मैलांच्या घरात होती, म्हणजे गावाच्या रुंदीहून मोठी. डॉज सिटीच्या हवामान कार्यालयाने वेळेत धोक्याची सूचना दिली होती, भोंगे सुमारे वीस मिनिटं आधी वाजले होते. माणसं तळघरांत उतरली, आणि कोठारांच्या खालोखाल या प्रदेशातलं महत्त्वाचं बांधकाम म्हणजे घराचं तळघर, हे त्या रात्री पुन्हा सिद्ध झालं. वर आली तेव्हा गाव नव्हतं.

पंचाण्णव टक्के बांधकामं नष्ट झाली होती. पाण्याची टाकी कोसळली होती, शाळा आणि हॉस्पिटल गेलं होतं. अकरा जणांचा जीव गेला. उभा उरला तो एलिव्हेटर, आणि १९१४ च्या सुमारास बांधलेलं काँक्रीटचं न्यायालय. हजार पौंडांची उल्का ढिगाऱ्याखाली सापडली, शाबूत. विहिरीवरचं सगळं उडून गेलं होतं, विहिरीला काही होण्याचा प्रश्न नव्हता.

पुढचे काही आठवडे गावाच्या बैठका एका मोठ्या तंबूत होत. शेकडो लोक यायचे, जेवण तिथेच, चर्चाही तिथेच. प्रश्न एकच: पुन्हा बांधायचं का? आणि बांधायचं तर कसं? तेव्हाचे महापौर लॉनी मॅककॉलम, प्रशासक स्टीव्ह हेविट आणि राज्याच्या गव्हर्नर कॅथलीन सेबेलियस यांनी एक कल्पना पुढे ठेवली. सगळंच नव्याने बांधायचं आहे, तर ते कमीत कमी ऊर्जा लागेल असं बांधू. गावाच्या नावातच 'ग्रीन' आहे, ते खरं करू.

कायोवा काउंटी रिपब्लिकन पक्षाला भरघोस मतं देणारी. पर्यावरण हा शब्द तिथल्या अनेकांना शहरी, परका, राजकीय वासाचा वाटत होता. घर नसलेल्या माणसाला सौर पॅनलच्या गोष्टी सांगणं काहींना क्रूरही वाटलं असेल, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. मत बदललं ते हिशेबाने आणि आठवणीने. पुढे महापौर झालेले बॉब डिक्सन हे गावचे माजी पोस्टमास्तर. त्यांनी जिथे जिथे भाषण केलं तिथे एकच मुद्दा मांडला, की हे काही नवं खूळ नाही, आपले आजी-आजोबा असंच जगत होते. आणि ते खरंच आहे. मातीच्या लाद्यांची घरं उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार असत. पाणी वाऱ्यावर फिरणाऱ्या पवनचक्क्या उपसत. भाजी तळघरात टिकवत. काटकसर हा या माळरानावरच्या शेतकऱ्याचा धर्म होता. डिक्सन यांनी शेतकऱ्यांना त्यांच्याच भाषेत ही गोष्ट सांगितली म्हणून ती पटली, असं मानायला जागा आहे.

डिसेंबर २००७ मध्ये नगरपालिकेने ठराव केला: चार हजार चौरस फुटांहून मोठी प्रत्येक सार्वजनिक इमारत 'लीड प्लॅटिनम' दर्जाचीच बांधायची. हरित बांधकामाच्या अमेरिकी मानकातला हा सर्वोच्च दर्जा. असा ठराव करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर ठरलं. या ठरावामागे दीड हजारांहून कमी माणसं होती, त्यातली बरीचशी ट्रेलरमध्ये राहत होती. ट्रेलरच्या त्या वसाहतीला लोकांनी केंद्र सरकारच्या आपत्ती खात्याच्या नावावरून 'फेमाव्हिल' म्हणायला सुरुवात केली होती. शाळा मात्र ऑगस्टमध्ये ठरल्या वेळी भरली, तात्पुरत्या खोल्यांत का होईना. शाळा चुकली असती तर कुटुंबं कायमची गेली असती, हे चालकांना पक्कं ठाऊक होतं.

मदतीचे हात अनेक होते. कॅन्ससमध्येच १९५० साली सुरू झालेल्या मेनोनाइट आपत्ती सेवेच्या स्वयंसेवकांनी घरं बांधून दिली. हे लोक सुताराची हत्यारं घेऊन येतात आणि काम झालं की निघून जातात. कॅन्सस विद्यापीठातल्या वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी एक कलाकेंद्र लॉरेन्स शहरात भागाभागांनी तयार केलं आणि ट्रकवर लादून इथे आणून जोडलं. लाकूड एका बंद पडलेल्या दारूगोळा कारखान्यातून काढलेलं. त्या केंद्राचं नाव '५.४.७', अमेरिकी पद्धतीने लिहिलेली वादळाची तारीख. २००८ मध्ये उभी राहिलेली ही कॅन्ससमधली पहिली प्लॅटिनम इमारत.

मग एकेक काम पुरं होत गेलं. शाळेत वर्गांना दिवसभर सूर्याचा उजेड मिळतो आणि गरम-थंड ठेवण्यासाठी जमिनीतल्या स्थिर तापमानाचा उपयोग केला जातो. मेन स्ट्रीटवर पडणारा पाऊस गटारात न जाता झाडांच्या वाफ्यांत आणि जमिनीखालच्या टाक्यांत जातो. रस्त्यावरचे सगळे दिवे एलईडीचे केले गेले, तेही अमेरिकेतल्या इतर शहरांच्या आधी. ट्रॅक्टर विकणाऱ्या जॉन डिअरच्या स्थानिक दुकानदारानेही आपली नवी इमारत प्लॅटिनम दर्जाची बांधली, आणि शेतकऱ्यांच्या मनावर नगरपालिकेच्या ठरावापेक्षा याचा परिणाम जास्त झाला असावा. शेतकरी तिथे रोज जातात, नगरपालिकेत वर्षातून एकदा.

राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश वादळानंतर पाच दिवसांनी आले होते. वर्षाने, ४ मे २००८ ला, ते पुन्हा आले आणि शाळेच्या पदवीदान समारंभात बोलले. २००९ च्या फेब्रुवारीत बराक ओबामा यांनी संसदेसमोरच्या भाषणात गावाचा उल्लेख केला, तेव्हा डिक्सन प्रेक्षागृहात मिशेल ओबामांच्या कक्षात बसले होते. दोन्ही पक्षांच्या राष्ट्राध्यक्षांनी मनापासून गौरवलेली गोष्ट त्या देशात आता विरळाच सापडते.

गावाबाहेर पवनचक्क्यांची रांग आहे, आणि इथे मराठी वाचकाने जरा थांबावं. २०१० मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात प्रत्येकी सव्वा मेगावॅटच्या दहा पवनचक्क्या आहेत, एकूण साडेबारा मेगावॅट. गावाला लागते त्याहून कितीतरी जास्त वीज त्या देतात, उरलेली बाहेर जाते. आणि त्या दहाही सुझलॉनच्या आहेत, म्हणजे पुण्याच्या कंपनीच्या. साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर पाती फिरताना ज्यांनी पाहिली, त्यांनी याच घराण्याची यंत्रं पाहिली आहेत. हडपसरमधल्या कंपनीच्या मुख्यालयालाही तोच 'लीड प्लॅटिनम' दर्जा मिळालेला आहे. टोर्नेडोच्या वाटेवरच्या कॅन्ससच्या गावाला वीज देणाऱ्या यंत्रावर पुण्याच्या कंपनीचं नाव असावं, ही जोडणी कुणी मुद्दाम केलेली नाही, म्हणून ती अधिक सुखावते.

आता कटू भाग. २०१० च्या जनगणनेत गावात ७७७ माणसं उरली होती. २०२० मध्ये ७४०. जवळपास निम्मं गाव परत आलंच नाही. अनेक म्हाताऱ्या माणसांची घरं जुनी, स्वस्त, कर्ज फेडून झालेली. विम्यात आला तो पैसा नव्या घराला पुरत नव्हता. भाड्याची घरं तर जवळपास उरलीच नव्हती. कुणी प्रॅटला मुलांकडे गेलं, कुणी विचिटाला. हरित गाव म्हटल्यावर नवे उद्योग धावत येतील ही आशा मोठ्या प्रमाणावर फळली नाही. संपूर्ण कायोवा काउंटीत २०२० मध्ये अवघी २,४६० माणसं होती; एका चौरस किलोमीटरमागे दीडदेखील नाही. ग्रामीण अमेरिका ओस पडण्यामागे शेतीचं गणित आहे, ते सौर पॅनलने सुटत नाही.

तरीही हा प्रयोग फसला म्हणणाऱ्यांशी सहमत होता येत नाही. ७४० माणसांच्या गावात पंधरा खाटांचं हॉस्पिटल आहे, आणि ते ग्रामीण अमेरिकेत एकामागून एक हॉस्पिटलं बंद पडत असताना आहे. शाळा आहे, तिच्यात आसपासच्या गावांची मुलंही येतात. वाचनालय आणि काउंटीचं संग्रहालय एका छताखाली आहेत, आणि वादळात वाचलेला तो जुना सोडा फाउंटन तिथे दुरुस्त करून मांडला आहे. वादळापूर्वीची घसरण तशीच चालू राहिली असती तर यातलं किती टिकलं असतं?

कॅन्ससला कुणाचं जाणं झालं, मुलगा किंवा मुलगी विचिटाच्या विमान कारखान्यांत नोकरीला असली, तर एक दिवस काढून ५४ नंबरच्या रस्त्याने जरूर जावं. २०१२ पासून विहिरीवर नवं संग्रहालय उभं आहे. विहिरीचा, उल्केचा आणि वादळाचा इतिहास तिच्याभोवती गोल मांडलेला आहे. आत गोल जिना आहे. उतरताना कडेच्या दगडावर हात ठेवून पाहावा. तो दगड १८८८ पासून जागचा हललेला नाही.